जित्या मायच्या फोटोला हार

गाणं संपता संपता कॅमेरा एका भिंतीकडं सरकतो. निळी भिंत, रंगाचे पोपडे सुटलेले. भिंतीवर एक फ्रेम, फ्रेमला झेंडूचा ताजा हार, खाली स्टीलच्या ताटलीत पणती. मागं बासरी वाजते. गाण्यातला पोरगा दारात गुडघ्यावर बसतो, काळा चष्मा काढतो, आणि मग फ्रेममधला चेहरा पडदाभर येतो. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, पुढचा एक दात जरा आडवा, आणि तोंडभर हसू. तो चेहरा माझ्या मायचा होता.

मी तेव्हा हैदराबादेत, जिथं लग्नाचे अल्बम बांधतात त्या कारखान्यात, दुपारचा डबा उघडून बसलो होतो. गाणं त्या दिवशी येणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, मीच आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होतो की माझी माय गाण्यात दिसणार आहे. त्यामुळं माझ्या फोनवर चार डोकी वाकलेली होती. फोटो आला तशी चारही डोकी माझ्याकडं वळली. एकानं तेलुगूत काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

गाण्यातलं खोटं असतं हे काय मला कळत नाही? पण घरापासून लांब राहणाऱ्या माणसाचं काळीज ठिकाणावर नसतं. गावाकडचा नंबर नको त्या वेळी दिसला की मी हातातलं काम टाकून फोन उचलतो, मग पलीकडून कुणी शेळी व्याल्याचं सांगो नाहीतर काही. मी मायला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तेवढ्यात गावच्या पोरांच्या ग्रुपवर त्याच फोटोचा तुकडा येऊन पडला. खाली लिहिलेलं: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. टाकणारे आमच्या पेडगावात राहणारे असते तर थट्टा समजून मी हसलो असतो. पण हे सगळे माझ्यासारखेच बाहेर पडलेले, कुणी पुण्यात, कुणी वापीत. त्यांनाही गावातलं सगळं फोनवरच कळतं. हार दिसला की हात जोडायचे, एवढी सवय झालीय आम्हाला. कुणी विचारत नाही, कधी गेली, कशानं गेली.

डबा तसाच राहिला. बऱ्याच वेळानं मायचाच फोन आला.

"एवढे फोन कामून केलास? लाइट नव्हती, फोन मेला होता. जेवलास का?"

मी आधी डब्याचं झाकण लावलं.

"आरं बोल की. काय झालं?"

"माय, तू बरी हाय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

तिला काहीच माहीत नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं, आणि बरं वाटून झाल्याबरोबर जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

गाणंवाल्या लोकांचं असं झालं होतं. परभणीतला एक पोरगा गाणी म्हणतो, स्वतःच त्यात नाचतो आणि स्वतःच ती शूट करतो. दिवाळीनंतर, तूर फुलात असताना, तो दोघा-तिघांना घेऊन पेडगावला आला. 'गावाकडचा फील' पाहिजे होता त्याला. कुणीतरी आमचं घर दाखवलं. माय लय खूश. रोज फोनवर मला सगळं सांगायची. त्यांनी तिला हिरोची माय केली होती.

"चुलीवर भाकरी करा म्हणले. मी म्हनलं, माझ्याकडं गॅस हाय. तर म्हणतो कसा, मावशी, गॅसवर इमोशन येत नाही."

तिनं फ्रिज पुसून, त्यावर विणलेलं कापड टाकून ठेवलं होतं, दारातून दिसावा म्हणून. आमच्या दोन खोल्या सिमेंटच्या आहेत, खाली फरशी आहे. ते आत आलेच नाहीत. मागं शेळी बांधायचा पत्र्याचा आडोसा आहे, त्यालाच त्यांनी आमचं घर केलं. जाताना म्हणाले, मावशी, एक साधा फोटो काढू तुमचा, हसा. माय हसली. चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेला तिचा तो पहिलाच फोटो. एक मला दे रे बाबा, म्हणाली. देतो म्हणाला. ती वाट बघत बसली.

मी नववीतच शाळा सोडली. चित्राकडं कसं बघायचं हे मला कारखान्यातल्या आमच्या उस्तादांनी शिकवलं. मी आलो तेव्हा डिंक पुसायचं काम होतं माझ्याकडं. आज पानावर फोटो लावायचं काम माझ्याकडं आहे, ते त्यांच्यामुळं. एकदा मी रुखसतीत, म्हणजे पाठवणीत, रडणाऱ्या नवरीच्या फोटोशेजारी बिर्याणी खाणाऱ्या पाहुण्यांचा फोटो लावला होता. उस्तादांनी पान उचलून माझ्यासमोर धरलं. "अरे मियाँ, बच्ची रोरी और ये लोगाँ खुश हो को खारे? दो फोटो बाजू में रखे तो तीसरी बात खुद बनती. वो झूटी भी रहती. देख को रख." मी हे विसरलो नाही.

म्हणून मी ते गाणं पुन्हा पुन्हा पाहिलं. एकेक तुकडा थांबवून पाहिला. आणि जसजसं पाहिलं तसतसं डोकं तापत गेलं.

गोष्ट काय, तर पोरगा गाव सोडून शहरात जातो. शहर सगळं निळं-जांभळं, लुकलुकतं. गाव सगळं पिवळं, हळद सांडल्यासारखं. आमची काळी जमीनसुद्धा त्यांनी विटकरी करून टाकलीय. शहरात तो मोठा होतो, म्हणजे लाल गाडी घेतो आणि दोन पोरींच्या मधे उभा राहतो. इकडं माय चूल फुंकते. तिकडं ग्लासात बर्फ पडतो. इकडं माय वाटेकडं डोळे लावून बसते. ते डोळे इतके मोठे करून आणि इतके हळू दाखवलेत की खाली शेकडो लोकांनी रडल्याचं लिहिलंय.

त्या डोळ्यांचं खरं मला माहीत आहे. मायनंच सांगितलं होतं. त्या वेळी आमची शेळी दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीत घुसली होती. त्यांनी मायला हलू नका म्हणून सांगितलेलं. माय बिचारी जागेवर बसून शेळीकडं बघत होती आणि शेजारीण आता काय काय बोलेल याचा विचार करत होती. त्याच्या पुढं त्यांनी रिकामी वाट जोडली. झाली तिसरी बात तयार.

बरं, ते जाऊ द्या. शेळीच्या जागी पोरगा लावला, लावू द्या. पण तो पोरगा कोण आहे? तो मी आहे. गाव सोडून गेलेला, मायला एकटं टाकलेला. ज्यांनी हे बनवलं ते परभणीत आईच्या हातचं खाऊन रात्री स्वतःच्या घरी झोपतात. आणि मला सांगतात, मी कसा आहे ते.

सबंध गाण्यात तो पोरगा मायला एक फोन करत नाही. फोन काढतो तो स्वतःचे फोटो काढायला. आम्ही काय करतो? सकाळी एक, रात्री एक, आणि मधे उगीच. शेवटी तो गावात येतो तेव्हा लाल गाडी थेट शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आणलीय, काळ्या रानात पांढरे बूट घालून उतरतो, आणि हातात काही नाही. बाहेरगावाहून घरी येणाऱ्या पोराच्या हातात पिशवी नाही, असं मी जन्मात बघितलेलं नाही. रेल्वेत उभं राहून येऊ, पण उस्मानिया बिस्किटांचा पुडा चुरू देणार नाही.

सगळ्यात मोठं खोटं पुढंच आहे. माय मेलेली आहे आणि पोराला ते भिंतीवरच्या फोटोवरून कळतं. म्हणजे त्या गावात माणसंच नाहीत. शेजारीण नाही, भावकी नाही, निरोप धाडणारं कुणी नाही. अरे, आमच्यात बाई गेली तर आधी तिच्या माहेरी कळवतात. माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. कितीही उशीर होवो, भाऊ येईपर्यंत थांबतात. भावानं आणलेलं लुगडं तिच्या अंगावर पडलं, मगच ती घराबाहेर निघते. गाणं बनवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं नाही, तोही इकडचाच. पण भाऊ आला, शेजारीण आली की पोराला एकटं रडता येत नाही. म्हणून सगळं गाव पुसून टाकलं.

आणि गाण्यात जो भाऊ आला नाही, तो दुसऱ्या दिवशी खरोखर आला.

माझा मामा चुडाव्याला राहतो, मायचा धाकटा भाऊ. त्याला फोनमधलं काही कळत नाही. कुणीतरी त्याला तो श्रद्धांजलीचा तुकडा दाखवला. त्यानं मायला फोन लावला तर बंद. मला लावला तर माझा फोन कामाच्या वेळी कपाटात. मग त्यानं पुढं काही विचारलं नाही. पूर्ण्याला जाऊन लुगडं घेतलं, पॅसेंजरमध्ये बसला आणि पेडगावला उतरला. पुढचं मायनं मला फोनवर सांगितलं, हसत हसत, पण मधेच तिचा आवाज बदलत होता.

माय नळावर घागर भरत होती. मामा गल्लीच्या तोंडाशी आल्यापासूनच ओरडत येत होता.

"मला कळवलं न्हाई! माझी बहीण परस्पर जाळली! कोन हाय रं घरात, भायेर ये!"

"मीच हाय," माय म्हणाली. "एवढं कामून बोंबलायलास?"

मामा मटकन खाली बसला. पिशवी हातातून पडली. रडू लागला, आणि रडता रडताच शिव्या द्यायला लागला. आधी गाणंवाल्याला, मग मला, मग मायलाच.

"आक्का, तू मेलीस म्हणून आलो ना मी!"

"मग आता काय करू? मरू?"

गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. सगळ्या हसल्या. मग एकीनं पिशवीत काय आहे ते बघितलं आणि हसणं थांबलं. लुगडं होतं. माय विधवा, म्हणून हिरवं नाही. फिकट आभाळी रंगाचं, बारीक काठाचं नऊवारी. ते घरात घ्यावं तर अपशकुन, परत न्यावं तर त्याहून वाईट. दुकानदार परत घेणार नाही, मामी घरात शिरू देणार नाही. मामा म्हणाला, नदीत सोडून येतो.

"आन इकडं," माय म्हणाली. "चांगलं सुती हाय. नेसते."

"आक्का, ते तसलं हाय."

"नवं हाय. एक पाणी काढलं की झालं."

दुपारच्या सुट्टीत हे ऐकताना मी अल्बमचा पुठ्ठा हातात धरून उभा होतो. उस्तादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, सगळं विचारून घेतलं. गाणंही बघितलं. मग एवढंच म्हणाले, "जा, माँ कू आँख से देख को आ. काम कहीं नै भागरा." त्या माणसाचे उपकार मी कुठं ठेवू? कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम अडकला होता, तरी सोडलं मला.

मी परभणीला उतरलो तेव्हा माय आणि मामा स्टेशनबाहेर ऑटोजवळ उभे होते. मायनं तेच लुगडं नेसलेलं. मी बघतच राहिलो. तिला ते इतकं खुलून दिसत होतं की मला धड रडता येईना की हसता. बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला. तिनं तिथंच वास घेतला.

गाणंवाल्याचं दुकान बाजारात, मोबाइलच्या दुकानावर. जिना चढून आम्ही तिघं वर गेलो. तो खुर्चीतून उठला.

"अरे मावशी! तुमी तर स्टार झाल्या! बसा, बसा. च्या मागवू?"

"च्या नगं," मामा म्हणाला. "तू हिला मारायच्या आधी मला इचारलं का?"

त्याला काही समजेना. मी सांगितलं. लुगड्याचं सांगितलं, ग्रुपवरचं सांगितलं. तो हसला. खरं सांगतो, हसला.

"भाऊ, म्हणजे किती रियल वाटलं बघा लोकांना. हे बघा कमेंट. लोक रडायलेत. स्टोरीची गरज होती. शेवटी धक्का पाहिजे."

"तिला सांगितलं होतंस, फोटोला हार घालणार म्हणून?"

"तसं सांगितलं असतं तर हसल्या असत्या का? अन् ते हसूच तर पाहिजे होतं. हार अन् हसू, काँट्रास्ट."

मी त्याला फोनवर गाणं लावून दाखवायला लागलो, ही वाट खोटी, हे डोळे शेळीचे, हातात पिशवी नाही, गावात माणसं नाहीत. माझा आवाज चढत गेला आणि तो मान हलवत राहिला, भाऊ तुम्हाला चांगलं कळतं, भाऊ पुढच्या गाण्यात घेऊ तुम्हाला. माझ्या रागाचंही त्यानं कौतुकच केलं. ह्या लोकांशी भांडताही येत नाही.

माय इतका वेळ भिंतीवरचे पोस्टर बघत होती. ती म्हणाली, "तुझी माय हाय का रे?"

"हाय ना, मावशी. इथंच, घरी."

"मग तिचा फोटू लावायचा की."

"तिला नाही चालणार, मावशी. ती लय मानते हे सगळं."

"अन् मला चालतंय?"

पहिल्यांदा त्यानं मायकडं नीट बघितलं असावं. कॅमेऱ्यातून बघितलं होतं ते वेगळं. मला मात्र त्याची मान धरून जिन्यावरून खाली न्यावीशी वाटली. स्वतःच्या आईच्या फोटोला हार घालायला भीती वाटते, आणि माझ्या मायला घालताना झेंडू किती पिवळा दिसेल याचा विचार करतो!

"एकदा टाकलेलं बदलता येत नाही," तो म्हणाला. मग मामाकडं बघून म्हणाला, "तेवढा तुकडा कापता येतो फक्त. पण मग गाण्याचा जीवच जाईल."

"गाण्याचा गेला तर चालंल," मामा म्हणाला.

आम्ही तिथून हललो नाही. त्यानं आमच्यासमोर कॉम्प्युटरवर तो तुकडा कापला. तोंड पाडून कापला, जसं आम्हीच त्याचं काहीतरी हिरावलं.

"माझा फोटू दे," माय म्हणाली.

फोटो दाराच्या मागं, खाली, भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला. हार अजून तसाच, काळा पडलेला. मायनं हार काढला, त्याच्या टेबलावर ठेवला. "हे तुझं." फ्रेमच्या काचेवरची धूळ तिनं नव्या लुगड्याच्या पदरानं पुसली, आणि खाली येईपर्यंत ती जिन्यावर दोनदा थांबून स्वतःकडं बघत होती. "फोटू मातर झ्याक काढलाय मेल्यानं," म्हणाली.

आता ते गाणं असं संपतं: लाल गाडी थांबते, पोरगा उतरतो, दारात गुडघ्यावर बसतो, चष्मा काढतो. बस. आत काय बघितलं ते कळत नाही. खाली लोक विचारतात, दुसरा भाग कधी. मला हा शेवट पहिल्यापेक्षा बरा वाटतो. आत माय असेल, तिनं आतूनच विचारलं असेल, बूट काढून ये.

पण राग गेलेला नाही तो यासाठी. गाण्यातून कापलं, लोकांच्या फोनमधून कोण कापणार? तो तुकडा हारासकट सुटलाय. मी हैदराबादला परत आलो त्यानंतर महिन्याभरात तो मला कुठंही दिसायला लागला. कुणाच्या तरी पानावर, वेगळं गाणं लावून, वर लिहिलेलं, 'मिस यू आई'. ज्यांनी माझ्या मायला कधी बघितलं नाही त्यांनी तिला आपली मेलेली आई करून टाकलंय.

असं दिसलं की मी घरी फोन करतो. मायला आता सवय झालीय. हॅलो म्हणत नाही.

"हाय, हाय. हायच मी. कुठं दिसले आज?"

मी सांगतो. ती मला फोटोचं सांगते. भिंतीवर लावला नाही, भिंतीवर बाप आहे, आजा आहे, सगळे गेलेले आहेत. फ्रिजवर ठेवलाय, विणलेल्या कापडावर. लुगडं वापरून वापरून मऊ झालंय. "मामाला सांग, दुसरं घ्यावं लागल त्याला. हे मी जितेपणीच फाडनार हाय."

ती हसते, मी फोन ठेवतो. मग त्या पानावर परत जातो आणि खाली लिहितो: ही बाई जिवंत आहे. ही माझी माय आहे. आत्ता ती भाकरी करत असेल, गॅसवर.

थोड्या वेळानं त्याला उत्तर येतं. कुणीतरी अनोळखी माणूस जोडलेले हात पाठवतो.